भाराभर वाद्यांचा धनी

आमच्या धंद्यात ‘हा सगळं वाजवतो’ ही काही शिफारस नव्हे. मी बासरीवाला. नाटकांचं पार्श्वसंगीत, मालिकांची शीर्षकगीतं, अधूनमधून एखादा भक्तिगीतांचा अल्बम, यावर घर चालतं. रेकॉर्डिंगला जाताना पिशवीत बासऱ्यांच्या जोडीला अलगूज, क्लॅरिनेट, एक रेकॉर्डर आणि मोरचंग टाकतो, कारण संगीतकाराला ऐन वेळी काय सुचेल याचा नेम नसतो. काचेपलीकडून “मास्तर, जरा धनगरी काहीतरी द्या ना” असं आलं की अलगूज काढायचं, “थोडं इंग्लिश हवंय” म्हणाले की रेकॉर्डर. काम मिळतं. मान मात्र एकाच वाद्यावर जन्म काढणाऱ्याला. शास्त्रीय मैफलीच्या ग्रीनरूममध्ये कुणी ओळख करून देताना “हे काय, सगळंच वाजवतात” म्हणतं, तेव्हा ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही अख्खी म्हण तोंडावर आलेली असते, फक्त सभ्यपणे गिळलेली.

म्हणून डेव्हिड मन्रोबद्दल लिहायला मला अंमळ जास्तच हुरूप आहे. या इंग्रज वादकाने क्रमहॉर्न, शॉम, रेकॉर्डर, रॅकेट, गेम्सहॉर्न, मशकबाजा, बसून आणि दक्षिण अमेरिकेतल्या बासऱ्या वाजवल्या. लोकगीतांच्या रेकॉर्डवर वाजवलं, बाखमध्ये वाजवलं, सिनेमात वाजवलं, मुलांसाठी रेडिओवर वाजवलं. आणि हे सगळं तेहेतीस वर्षांच्या आयुष्यात. त्याच्यावर कुणी चिंध्यांचा आरोप केला नाही, कारण इतक्या वाद्यांनी तो एकच प्रश्न सोडवत होता: पाचशे-सातशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत कानाला कसं लागत असेल?

मन्रोचा जन्म 12 ऑगस्ट 1942चा, बर्मिंगहॅमचा. वडील विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवत, आई नृत्य. शाळेत असतानाच रेकॉर्डर आणि बसून ही वाद्यं हाताशी आली. संगीताची रीतसर पदवी मात्र त्याने कधीच घेतली नाही. शाळा संपल्यावर, 1960 साली, तो पेरू देशात लिमाच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला गेला. परत आला तो अँडीज पर्वतातल्या बासऱ्या आणि इतर लोकवाद्यं गाठोड्यात बांधून. मग केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात इंग्रजी साहित्य. पुढे बर्मिंगहॅमला अभ्यासाला घेतली ती सतराव्या शतकातली चावट गाणी! विद्वत्तेची वाट अशी खालच्या गल्लीतून काढणारा माणूस मला आपला वाटतो.

केंब्रिजला असताना त्याने भिंतीवर टांगलेलं एक क्रमहॉर्न पाहिलं आणि इथून पुढे त्याची गाडी रुळावर आली, किंवा घरच्यांच्या दृष्टीने रुळावरून घसरली. थर्स्टन डार्ट हे तिथले नावाजलेले संगीत-अभ्यासक आणि हार्प्सिकॉर्डवादक. या पोराला लोकवाद्यांतून जुन्या वाद्यांकडे जायचा रस्ता आहे, हे त्यांनी ओळखलं आणि त्याला त्या वाटेला लावलं.

क्रमहॉर्न म्हणजे काय ते जरा सांगतो. माझ्या भाच्याने जर्मनीहून एक जुनं आणून दिलंय. लाकडाची नळी, खालचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वर वळलेलं. आतली पोकळी वरपासून खालपर्यंत एकाच व्यासाची. नळी आधी सरळ कोरतात आणि मग वाफ देऊन वाकवतात. त्या वळणाने आवाजात काडीचा फरक पडत नाही, ती निव्वळ ऐट. खरी गंमत वरच्या टोकाला. तिथे सनईसारखी दुहेरी पत्ती असते, पण तिच्यावर लाकडाची टोपी बसवलेली. टोपीला वर एक भोक, त्यात फुंकायचं. वाजवणाऱ्याचे ओठ पत्तीला कधी लागतच नाहीत. आपल्याकडे पुंगीत किंवा वारल्यांच्या तारप्यात पत्ती दुधी भोपळ्याच्या आत दडलेली असते, तीच ही युक्ती.

याचा परिणाम असा की बासरीवाल्याची सगळी अक्कल इथे निकामी होते. मी बासरीवर स्वर मोठा करतो, बारीक करतो, फुंकर किंचित कलती करून कोमल स्वराला आंदोलन देतो. क्रमहॉर्नमध्ये जोर लावला की स्वर चढतो, सैल सोडला की उतरतो, आणि आणखी सोडला तर वाद्य मुकं होतं. म्हणजे बेसूर न होता लहान-मोठं वाजवताच येत नाही. पल्ला जेमतेम नऊ स्वरांचा. आवाज म्हणाल तर डबीत कोंडलेल्या भुंग्याचा. मग यातून संगीत काढायचं कसं? जिभेने. स्वर किती लांब धरायचा, किती आधी तोडायचा, दोन स्वरांमध्ये केसाएवढी फट कुठे ठेवायची, एवढंच हातात उरतं. मन्रोची क्रमहॉर्नची रेकॉर्ड लावून फक्त या फटी ऐकाव्यात. प्रत्येक वाक्याला विरामचिन्हं दिल्यासारखं वाजवलंय. नाचाच्या गतीत तर पाऊल कुठे उचललं जातंय आणि कुठे टेकतंय, तेही कळतं. नृत्य शिकवणाऱ्या आईचा मुलगा, असं माझ्या मनात येतंच.

हे वाद्य मन्रोला वाजवायला मिळालं, त्यामागे आधीच्या दोन-तीन पिढ्यांचा खटाटोप आहे. अठराव्या शतकाच्या शेवटाला रेकॉर्डर मागे पडला. मोठ्या वाद्यमेळात, मोठ्या सभागृहात आडव्या बासरीपुढे त्याचा निभाव लागेना. क्रमहॉर्न तर त्याच्याही आधीच संपलेलं. आर्नल्ड डोल्मेच नावाचा फ्रान्समध्ये जन्मलेला कारागीर इंग्लंडात हॅसलमिअरला स्थायिक झाला आणि जुनी वाद्यं दुरुस्त करणं, नवी घडवणं हा त्याने घरचा धंदाच केला. त्याच्याकडे एक अस्सल जुना रेकॉर्डर होता. 1919 साली लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर त्याच्या मुलाकडून तो ठेवलेली पिशवी हरवली. दुसरा मिळणं शक्य नव्हतं, म्हणून डोल्मेचने आपल्या टिपणांवरून नवा केला. आधुनिक रेकॉर्डरचा वंश तिथून वाढला आणि पुढे प्लास्टिकच्या रूपात इंग्लंडच्या शाळाशाळांत गेला.

बाकीच्या फुंकवाद्यांसाठी कारागिरांचा मोठा आधार म्हणजे मायकेल प्रेटोरियसचा ग्रंथ. 1619-20च्या सुमारास जर्मनीत छापलेल्या या ग्रंथात वाद्यांची लाकूडठशांची चित्रं आहेत आणि चित्रांसोबत मापाची पट्टीसुद्धा छापलेली आहे. वाद्य किती लांब हवं हे तीन-साडेतीनशे वर्षांनंतरच्या सुताराला मोजता यावं, अशी ही सोय. ब्रुसेल्स, बर्लिन, व्हिएन्ना इथल्या संग्रहालयांत सोळाव्या शतकातली काही वाद्यं उरली आहेत. त्यांच्यावरून आणि या चित्रांवरून ओटो श्टाइनकॉफसारख्या जर्मन कारागिरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर क्रमहॉर्न, रॅकेट, शॉम पुन्हा बनवायला घेतले. मन्रोच्या पिढीच्या हाती वाद्यं आली ती अशी.

पण वाद्य हातात आलं म्हणजे वाजवण्याची रीत आली असं नाही. त्यातून सोळाव्या शतकाच्याही मागे, मध्ययुगात जायचं तर वाद्यं जवळजवळ उरलेलीच नाहीत. आहेत ती चर्चच्या भिंतींवरची आणि पोथ्यांच्या समासातली चित्रं, देवदूतांच्या हातात दिलेली. स्वरलिपीत स्वर असतात; कोणत्या वाद्यावर, किती वेगाने, किती नटवून, याबद्दल बहुतेक वेळा चकार शब्द नसतो. आपल्याकडे बंदिशींच्या छापील पुस्तकावरून कुणी परदेशी माणसाने यमन उभा करायचा ठरवलं, गुरू नाही, रेकॉर्ड नाही, तर जे होईल तेच.

इथे मन्रोचं पेरू कामाला आलं. दरबारातून आणि शहरातून जी वाद्यं हद्दपार झाली, त्यांचे भाऊबंद खेड्यांत अजून वाजत आहेत, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. तुर्कस्तानात झुर्ना आहे, ब्रिटनीत बोंबार्द आहे, बाल्कनपासून स्कॉटलंडपर्यंत मशकबाजे आहेत. तेराव्या शतकातला शॉमवाला कसा वाजवत होता ते सांगायला कुणी जिवंत नाही, पण लग्नाच्या वरातीत उन्हात उभा राहून दिवसभर वाजवणारा झुर्नावाला जिवंत आहे. त्याला विचारा! लोकवादकाकडे मागासलेला म्हणून पाहायचं सोडून त्याला साक्षीदार मानायचं, हा मन्रोचा सगळ्यात मोठा हिशेब होता. त्याने अनेक वाद्यं गोळा केली ती याचसाठी. एक वाजवलं की दुसऱ्याचं कोडं सुटायचं.

शॉम हे तर आपल्या सनईचं सख्खं नातलग. पश्चिम आशियातलं सुरनाय-झुर्ना हे दोघांचं मूळ कूळ. एक फांदी पूर्वेला आली, दुसरी धर्मयुद्धांच्या काळात आणि मुस्लिम स्पेनमधून युरोपात गेली. त्या फांदीला पुढे ओबो लागला. मन्रोने धर्मयुद्धांच्या काळातल्या संगीताची एक अख्खी रेकॉर्डच काढली. तिच्यात हा पूर्वेकडचा वास स्पष्ट येतो, काही अभ्यासकांना तो जरा जास्तच वाटतो.

लग्नात सनई वाजवणारे आमचे एक मामा आहेत. सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांना मी मन्रोच्या वाद्यवृंदातलं शॉम ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “मास्तर, ही आपलीच की.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “पण पत्ती कडक ठेवलीय यांनी. आणि भोक अर्धं उघडत नाहीत बघा. बोट उचललं की पूर्णच उचलतात.” एवढ्यात सगळं आलं. सनईवाला अर्ध्या उघड्या भोकावर बोट सरकवत मींड काढतो, शॉमवाला पायरी-पायरीने चढतो. वाद्य एकाच घरातलं, पण सासर बदललं. मग मामांनी चहा घेता घेता विचारलं, “यांना लग्नाच्या ऑर्डरी येत असतील का हो?” मी सांगितलं, पूर्वी यायच्या, शहराच्या पगारावर असायचे हे लोक, वेशीवर, मिरवणुकीत, मेजवानीत वाजवायचे. “मग आपलीच,” मामा म्हणाले.

मन्रोची रोजीरोटी कशी चालायची हे मला धंदेवाईक कुतूहल. सुरुवातीला तो रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या वाद्यवृंदात फुंकवाद्यं वाजवायचा. तिथले संगीतकार गाय वुल्फेंडन होते, आणि शेक्सपिअरच्या नाटकाला शेक्सपिअरच्या काळातली वाद्यं हवीत तर मन्रो पिशवी उघडायचा. हे माझ्या ओळखीचं दृश्य आहे. लेस्टर विद्यापीठात त्याने जुन्या संगीताचा इतिहास शिकवला, लंडनच्या रॉयल अकॅडमीत रेकॉर्डर. 1967 साली त्याने ‘अर्ली म्युझिक कन्सॉर्ट ऑफ लंडन’ उभं केलं. सोबत हार्प्सिकॉर्डवर ख्रिस्तोफर हॉगवुड, व्हायलवर ऑलिव्हर ब्रुक्स, आणि गायला जेम्स बोमन. हा बोमन काउंटरटेनर, म्हणजे पुरुष असून स्त्रीच्या आवाजाच्या टापूत गाणारा. आपल्याकडे बालगंधर्वांमुळे पुरुषाच्या कोवळ्या गळ्याचं अप्रूप आहे, नवल नाही. इंग्लंडमध्ये मात्र चर्चबाहेर तो आवाज दुर्मीळ होता. पुढे बोमन आणि हॉगवुड दोघेही आपापल्या बळावर फार मोठे झाले. मन्रोची पत्नी जिलियन रीड हीदेखील या वृंदात घंटा आणि तालवाद्यं वाजवायची.

नाव घरोघरी पोचलं ते टीव्हीमुळे. 1970 साली बीबीसीने आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांवर मालिका केली, 1971 साली पहिल्या एलिझाबेथवर. दोन्हीत मन्रोचं संगीत. राजाराणीची भांडणं बघायला बसलेल्या लाखो लोकांच्या कानावर क्रमहॉर्न आणि शॉम पडले, तेही कुणी व्याख्यान न देता. 1972 साली हेन्रीवर सिनेमा आला, त्यालाही मन्रोच. जॉन बूरमनच्या ‘झार्डोझ’ या भविष्यकाळातल्या अजब सिनेमाला त्याने जुन्या वाद्यांचे आवाज पुरवले. आणि बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याच्यावरच्या फ्रेंच माहितीपटालाही! मर्क्स घाटात पॅडल मारतोय आणि मागे प्रबोधनकाळातलं नाचाचं संगीत. ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार.

एक चुटपूट मात्र लागते. हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज 1545 साली बुडालं होतं. 1982 साली ते समुद्रातून वर काढलं, आणि त्यातल्या वस्तूंत शॉमच्या जातीचं एक वाद्यही होतं, त्या काळचं, अस्सल. ते हाताळायला मन्रो उरला नव्हता.

लोकसंगीताच्या बाजूला त्याचं महत्त्वाचं काम शर्ली आणि डॉली कॉलिन्स या बहिणींबरोबरचं. शर्ली ससेक्सची, साध्या, न नटवलेल्या गळ्याने इंग्लंडची खेड्यातली गाणी गाणारी. डॉली संगीतरचना करायची आणि लहानसा पाइप ऑर्गन वाजवायची. 1969 साली त्यांची ‘अँथम्स इन ईडन’ ही रेकॉर्ड आली. तिची एक अख्खी बाजू म्हणजे सलग गुंफलेली गाणी: प्रेम, ताटातूट, आणि पहिल्या महायुद्धाने उजाड केलेली खेडी. त्या गाण्यांमागे मन्रोचे लोक क्रमहॉर्न, रेकॉर्डर, व्हायल, सॅकबट वाजवतात. इतिहासाच्या दृष्टीने हे चूक आहे. ससेक्सच्या शेतकऱ्याने क्रमहॉर्न जन्मात पाहिलं नव्हतं. ते दरबारातल्या आणि शहरातल्या पगारी वादकांचं वाद्य. पण त्या काळात लोकगीत म्हटलं की गिटार हे ठरून गेलं होतं आणि गिटार सगळ्याला एकच गुळगुळीत रंग देते. क्रमहॉर्नच्या खरबरीत, न वाढणाऱ्या-न कमी होणाऱ्या आवाजाशेजारी शर्लीचा गळा उभा राहिला की दोन्ही एकाच मातीचे वाटतात. तिथे पांडित्य बाजूला ठेवून मी मन्रोच्या बाजूने मत देतो.

शास्त्रीय बाजूही त्याची कच्ची नव्हती. नेव्हिल मॅरिनर यांच्या वाद्यवृंदाने थर्स्टन डार्ट यांच्या संपादनातून बाखचे ब्रँडेनबर्ग कन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले, त्यात रेकॉर्डर वाजवणाऱ्यांत मन्रो होता. ते काम चालू असतानाच, 1971 साली, डार्ट गेले. टेलेमान, हॅन्डेल, साम्मार्टीनी यांच्या रेकॉर्डरसाठीच्या रचना मन्रोने मॅरिनर यांच्याबरोबर मुद्रित केल्या आहेत. ‘हा लोकवाद्यं वाजवणारा’ अशी शंका असेल त्याने त्या ऐकाव्यात. जलद जागांत एक स्वर दुसऱ्यात मिसळत नाही, आणि संथ भागात रेकॉर्डरसारखं हट्टी वाद्य गायला लागतं. क्रमहॉर्नवर घासून तयार झालेली जीभ ती.

रेडिओवरचं त्याचं काम तर मला सगळ्यात जास्त हेवा वाटावा असं. 1971 ते 1976 या काळात बीबीसीच्या रेडिओ 3 वर ‘पाइड पायपर’ नावाचा मुलांसाठीचा कार्यक्रम त्याने केला. एकूण 655 भाग. संहिता त्याची, बोलणं त्याचं, निवड त्याची. मुलांसाठी होता, पण ऐकणाऱ्यांत मोठ्यांचा भरणा होता. एका आठवड्यात मध्ययुग, दुसऱ्यात फौजी बँड, तिसऱ्यात आणखी भलतंच. त्याचं बोलणं भराभर, आतुर, आत्ताच काहीतरी सापडलंय आणि ते तुम्हाला दाखवल्याशिवाय चैन पडणार नाही, असं. आकाशवाणीवर सुगम संगीताच्या पाच मिनिटांच्या निवेदनाला घाम गाळणाऱ्यांना 655 या आकड्याचं वजन कळेल. आणि हे सगळं दौरे, ध्वनिमुद्रणं, शिकवणं चालू असताना.

1976 हे वर्ष त्याच्या कामाचं जणू सुगीचं वर्ष होतं. ऑक्सफर्ड प्रेसने ‘इन्स्ट्रुमेंट्स ऑफ द मिडल एजेस अँड रेनेसाँ’ हे त्याचं पुस्तक काढलं, जोडीला रेकॉर्डचा संच, म्हणजे चित्र पाहून लगेच आवाज ऐकता यावा. गॉथिक काळातल्या संगीताचा तीन रेकॉर्डांचा संच आला, नोत्र-दाम चर्चच्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या रचनांपासून पुढे. बीबीसी टीव्हीवर जुन्या वाद्यांची मालिका झाली. त्याच वर्षी, 15 मे रोजी, मन्रोने घरी आपलं जीवन संपवलं. तो नैराश्याने ग्रासलेला होता. वडील आणि सासरे थोड्याच काळापूर्वी गेले होते. ते पुस्तक त्याने या दोघांना अर्पण केलंय. त्याच्या मरणाचे कामाच्या ताणाशी जोडून लोक अनेक अर्थ लावतात. मला त्यात पडायचं नाही. त्याच्याशिवाय तो वृंद चालण्यासारखा नव्हता, आणि तो थांबला. ‘द आर्ट ऑफ कोर्टली लव्ह’ या फ्रान्स आणि बर्गंडीच्या दरबारी प्रेमगीतांच्या संचाला 1977 साली ग्रॅमी मिळालं, ते त्याच्या मागे.

त्याच 1977मध्ये व्हॉयेजर याने अवकाशात सुटली. त्यांच्यावर बसवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत जगभरातलं सुमारे दीड तासाचं संगीत आहे. आपल्याला त्यातलं माहीत असतं ते केसरबाई केरकरांचं, ‘जात कहाँ हो’, भैरवी, साडेतीन मिनिटं. गोव्यातल्या केरी गावची, अल्लादिया खाँसाहेबांची ही शिष्या, आणि तिचा तो उभा, भरीव आवाज. त्याच तबकडीत मन्रो आणि त्याच्या वृंदाने वाजवलेला एक तुकडाही आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. अँथनी होलबर्न या एलिझाबेथकालीन रचनाकाराची ‘द फेअरी राउंड’, 1599 साली छापलेली. अवघी सव्वा मिनिटाची. रेकॉर्डरवर वाजलेली ही गत तालवाल्यांनी जरूर ऐकावी: सहा मात्रांचे कधी तीन-तीन असे दोन खंड, कधी दोन-दोन असे तीन, आणि हे इतक्या झटपट बदलतात की दादऱ्याचा ठेका धरायला गेलेला माणूस दुसऱ्या आवर्तनात हात मागे घेतो.

केसरबाई म्हणजे एका घराण्याच्या, एका गळ्याच्या तपश्चर्येचं टोक. मन्रो म्हणजे नेमकी उलट रीत. निवडणाऱ्यांनी दोघांना एका तबकडीत बसवताना असा काही विचार केला नसणार, पण ग्रीनरूममध्ये मला यापुढे कुणी ‘सगळंच वाजवतात’ म्हणालं तर हे उदाहरण द्यायचं मी ठरवून ठेवलंय. केसरबाई 16 सप्टेंबर 1977 रोजी गेल्या, व्हॉयेजर 1 सुटल्यानंतर दीड आठवड्याने. मन्रोला तर या तबकडीचा पत्ताच लागला नाही.

आता त्याच्या कामावर घेतलेले आक्षेप. 1980 साली ख्रिस्तोफर पेज या अभ्यासकाने ‘गॉथिक व्हॉइसेस’ हा गायकांचा वृंद काढला. मध्ययुगीन ग्रंथांतले, काव्यांतले उल्लेख तपासून पेजने मांडलं की चौदाव्या शतकातला फ्रेंच कवी-संगीतकार माशो आणि त्याच्या काळच्या बहुस्वरी प्रेमगीतांत वाद्यं बहुधा नसायचीच, फक्त गळे असायचे. त्यांच्या रेकॉर्ड आल्या आणि मन्रोच्या रंगीबेरंगी मांडण्या जुन्या वाटायला लागल्या. प्रत्येक कडव्याला वेगळं वाद्य, इथे घंटा, तिथे शॉम, मध्येच मशकबाजा, हे सगळं विसाव्या शतकाच्या संगीतकाराचं डोकं आहे, मध्ययुगाचं नाही, हे म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे. पेजच्या वृंदाचं माशो ऐकलं की मलाही ते पटतं. तीन गळे, एकमेकांच्या अंगावरून सरकणारे, मध्ये काहीही नाही.

तरीही एक गोष्ट विसरून चालणार नाही. पेजचं ऐकायला जो श्रोता बसला, तो मन्रोने तयार केला होता. आणि नाचाच्या संगीताबाबत, म्हणजे प्रेटोरियसचं ‘तेर्प्सिकोरे’ किंवा 1551 साली अँटवर्पला छापलेलं सुसाटोचं ‘दान्सेरी’, तिथे वाद्यं हवीच, कोणती ते मोकळं सोडलेलं. या रेकॉर्डांत मन्रो पन्नास वर्षांनंतरही मागे पडलेला नाही. नंतरच्या वृंदांनी जास्त शुद्ध वाजवलं असेल. इतकं भुकेलं कुणी वाजवलं नाही.

ऐकायचं तर सुरुवात सुसाटोपासून करा, मग ‘अँथम्स इन ईडन’, मग रेकॉर्डरचे कन्चेर्टो. ‘फेअरी राउंड’ मध्ये कुठेही बसते. हे सगळं इंटरनेटवर सहज मिळतं. क्रमहॉर्न पहिल्यांदा कानावर पडल्यावर हसू आलं तर खुशाल हसा, माझ्या विद्यार्थ्यांना दर वेळी येतं. शॉमचा भाग आला की मात्र हेडफोन काढून स्पीकर लावा, आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा. ते बंद खोलीत ऐकायचं वाद्य नाही, मामा सांगतील तुम्हाला.